बर्फाच्छादित घरातील नाताळ

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात व्हरमाँट हे लहानसे डोंगराळ राज्य वसलेले आहे. डिसेंबरच्या अखेरीस तेथे सायंकाळी सव्वाचारच्या सुमारासच दिवस मावळतो. पंचवीस तारखेच्या सकाळी जमिनीवर निदान एक इंच बर्फ असेल, तरच त्या नाताळास ‘शुभ्र नाताळ’ म्हणावे, असा त्या देशाच्या हवामानखात्याचा दंडक आहे. अशा शुभ्र नाताळात तेथील एखाद्या तरुण कुटुंबाच्या घरात आपण डोकावून पाहू या.

पतिपत्नी, पाच वर्षांची कन्या आणि पाळण्यातील बाळ, एवढाच हा संसार. आजवर नाताळ वडीलधाऱ्यांच्या घरी होई. यंदा प्रथमच तो स्वतःच्या घरी करावयाचा आहे आणि आजी-आजोबांना आमंत्रण गेले आहे. बैठकीच्या खोलीत बाल्सम फरचे झाड पाण्याच्या भांड्यात उभे केले असून त्याच्या सुगंधाने घर भरून गेले आहे. एके काळी अशा झाडांवर मेणबत्त्या लावीत आणि आगीच्या भीतीने शेजारी पाण्याची बादली ठेवीत. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरच्या झाडावर विजेचे ऐंशी दिवे लावले, आणि हळूहळू ती धास्ती सरली.

स्वयंपाकघरात आले, दालचिनी आणि काकवी घातलेली बिस्किटे भाजली जात आहेत. पीठ कापण्याचे काम अर्थातच कन्येकडे! त्यांतली दोन बिस्किटे दुधाच्या पेल्यासह रात्री सांताक्लॉजसाठी ठेवावयाची आहेत.

परंतु चोवीस तारखेला दिवसभर बर्फ कोसळत राहते. तिन्हीसांजेला दूरध्वनी खणखणतो: घाटातील रस्ता बंद आहे, आज येणे होत नाही. कन्येचा चेहरा उतरतो.

वडील तिला अंगणात नेतात आणि तिच्या काळ्या लोकरी हातमोज्यावर पडलेला हिमकण दाखवितात. सहा पाकळ्यांचे ते नाजूक नक्षीकाम! याच राज्यातील जेरिको गावचे शेतकरी विल्सन बेंटली यांनी १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून एका हिमकणाचे छायाचित्र घेतले. पुढे आयुष्यभरात त्यांनी अशी पाच हजारांहून अधिक छायाचित्रे टिपली. ज्या बर्फाने वाट अडविली, त्याच बर्फाकडे मुलगी आता कुतूहलाने पाहू लागते.

तेवढ्यात गृहिणीला शेजारच्या वृद्ध बाईंची आठवण होते. त्यांची मुलेही आज येऊ शकलेली नाहीत. फावडे घेऊन वडील त्यांच्या दारापर्यंत वाट मोकळी करतात. कंदिलाच्या उजेडात, कन्येचा हात धरून, सफरचंदाचा पाय सांभाळीत त्या येतात. आजीची रिकामी खुर्ची भरते, आणि शेकोटीजवळ मोजे टांगताना एक मोजा त्यांच्याही नावाने टांगला जातो.

सकाळी ऊन पडते. बर्फ सारणारी गाडी घरघरत रस्त्याने जाते आणि तिच्या मागोमाग आजोबांची मोटार फाटकाशी थांबते. दुपारच्या जेवणासाठी पाच जणांची मांडणी ठरली होती. कन्या धावत जाऊन सहावे ताट आणते.