खंड पडला तरी चालणारी वही

रायडर कॅरोल व्हिएन्नात वाढला. शाळेत त्याचं लक्ष टिकत नसे आणि लहानपणीच त्याला अवधानदोषाचं, म्हणजे आज ज्याला एडीएचडी म्हणतात त्याचं, निदान झालं. मोठा होताना तो वह्यांमध्ये स्वतःपुरत्या युक्त्या करत राहिला. जी उपयोगी पडेल ती ठेवायची, उरलेली सोडायची. पुढे न्यूयॉर्कमध्ये डिजिटल डिझायनर म्हणून काम करताना लग्नाच्या तयारीने गांगरून गेलेल्या एका मैत्रिणीला त्याने आपली वही दाखवली. तिच्या आग्रहाने ती पद्धत २०१३ मध्ये 'बुलेट जर्नल' या नावाने जगापुढे आली आणि २०१८ मध्ये तिच्यावरचं पुस्तकही निघालं. पडद्यावरची उत्पादनं घडवणं हाच ज्याचा व्यवसाय, त्या माणसाने स्वतःची कामं लक्षात ठेवण्यासाठी कागद निवडला. ही निवड समजून घ्यायची तर आधी एडीएचडी समजून घ्यायला हवं.

अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदान-पुस्तिकेनुसार सुमारे ५ टक्के मुलांत आणि अडीच टक्के प्रौढांत ही अवस्था आढळते. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. त्यामुळे कामाच्या ताणाने हल्ली विसरायला होतं, एवढ्यावरून कुणी स्वतःला हे नाव लावून घेऊ नये. पण ज्यांना ती खरोखर असते त्यांचं बालपण आपल्याकडे बहुतेकदा 'धांदरट', 'वेंधळी', 'लक्ष कुठे असतं तुझं?' हे ऐकण्यातच जातं. वर्गात धुडगूस घालणारा मुलगा निदान डॉक्टरांपर्यंत पोचतो. खिडकीबाहेर बघत शांत बसलेली मुलगी मात्र सुटून जाते आणि चाळिशीत, आपल्याच मुलाला तपासायला नेल्यावर, तिला स्वतःचं कोडं उलगडतं.

अडचण नेमकी कुठे असते? रसेल बार्कली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर हेच सांगितलं, की या माणसांना काय करायचं ते माहीत असतं. माहीत असलेलं योग्य वेळी, योग्य जागी हातून होत नाही. स्वयंपाकघरात आठवतं की गॅसचा नंबर लावायचा राहिला. फोन बाहेरच्या खोलीत. तिथे जाताना दोरीवरचे वाळलेले कपडे दिसतात, घड्या घालायला बसणं होतं, आणि गॅस आठवतो तो सिलिंडर संपल्यावर. काही क्षणांपुरती गोष्ट मनात धरून ठेवणारी स्मरणशक्ती इथे तोकडी पडते. शिवाय काळाचा अंदाज येत नाही: पुढच्या गुरुवारचं काम आणि पुढच्या वर्षीचं काम, दोन्ही सारखीच लांब वाटतात. म्हणून बार्कलींचा आग्रह असा, की जे डोक्यात टिकत नाही ते डोक्याबाहेर, डोळ्यांसमोर ठेवा.

उपचारांमध्येही वहीला मानाचं स्थान आहे. स्टीव्हन सॅफ्रेन यांनी बोस्टनमध्ये असताना प्रौढांसाठी आखलेल्या उपचारात पहिला भागच दिनदर्शिका आणि कामांची यादी वापरायला शिकण्याचा असतो. औषध चालू असूनही त्रास उरलेल्या ८६ प्रौढांवर त्यांनी तो करून पाहिला आणि शिथिलीकरण शिकवलेल्या गटापेक्षा या गटाची लक्षणं अधिक कमी झाली. तो अभ्यास २०१० चा. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधल्या मेरी सोलांटो यांनी ८८ प्रौढांवरच्या गट-उपचाराचे निष्कर्ष मांडले. त्यांच्या गटात एक सूत्र घोटून घेतलं जाई: जे नियोजनवहीत नाही, ते अस्तित्वातच नाही. वही औषधाची जागा घेत नाही. औषधाने लक्ष लागलं तरी ते कुठे लावायचं, हे समोर लिहिलेलं असावं लागतं.

कॅरोलची वही उघडली तर मराठी वाचकाला ती परकी वाटणार नाही. पेढीवर व्यवहार घडेल तसा रोजकीर्दीत उतरवायचा आणि मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायचा, हीच ती रीत. रोजची नोंद सुचेल त्या क्रमाने: कामापुढे ठिपका, ठरलेल्या प्रसंगापुढे छोटं वर्तुळ, नुसत्या टिपणापुढे आडवी रेघ. काम झालं की ठिपक्यावर फुली. प्रत्येक पानाला क्रमांक, आणि सुरुवातीच्या पानांवर अनुक्रमणिका. 'मुंज' पान १४ वर आणि पुन्हा ३७ वर असली तरी बिघडत नाही. हे कुठे लिहू, असा विचार करावा लागला की एडीएचडी असलेला माणूस तिथेच थांबतो. इथे उत्तर एकच: पुढच्या रिकाम्या ओळीवर.

महिना संपला की उरलेले ठिपके हाताने नव्या पानावर उतरवायचे आणि जुन्यांपुढे बाण काढायचा. ही कटकट मुद्दाम ठेवलेली आहे. समजा, 'आईचे डोळे' अशी एक ओळ आहे. मे महिन्यात लिहिली, जूनमध्ये पुन्हा उतरवली, जुलैतही. तिसऱ्यांदा लिहिताना हात अडखळतो आणि कळतं, की 'आईचे डोळे' हे कामच नाही. त्यात डॉक्टरांचा नंबर शोधणं, जुनी फाईल काढणं, भावाला रजा विचारणं अशी कामं दडलेली आहेत. मग त्या ओळीच्या जागी येतं: 'रविवारी चहा झाल्यावर कपाटातून आईची फाईल काढून पिशवीत ठेवणे.' एवढं लिहिलं की होतं. 'अमुक झालं की तमुक करीन' अशा बांधणीचा संकल्प पाळायला सोपा जातो, हे पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने दाखवलं आहे आणि एडीएचडी असलेल्या मुलांवरच्या प्रयोगांतही त्याचा फायदा दिसला आहे.

तरीही माझ्या मते या वहीचा सर्वांत मोठा गुण वेगळाच आहे: तिच्यावर तारखा छापलेल्या नसतात. बँकेची किंवा कंपनीची जाडजूड डायरी जानेवारीत भरभरून लिहिली जाते, फेब्रुवारीत एक आठवडा चुकतो, आणि मग ती कोरी पानं ओलांडून पुढे जाण्याची लाज वाटते. डायरी कपाटात जाते. एडीएचडीत खंड पडणारच. नव्याची नवलाई ओसरली की मेंदूची ओढ संपते. बिनतारखेच्या वहीत तीन आठवड्यांनी परतलं तरी आजची तारीख घालून पुढच्या ओळीवर लिहिता येतं. म्हणून कुठलीही पद्धत निवडताना ती किती सुंदर आहे हे पाहू नये. सोडल्यावर तिच्याकडे परत येणं किती सोपं आहे, हे पाहावं. रंगीत पट्ट्या आणि वेलबुट्ट्यांनी सजवलेली पानं समाजमाध्यमांवर फार दिसतात. सजावटीचा आनंद खरा आहे, पण ज्याला दोन तास लागतात ते पान वाईट आठवड्यात कोण काढणार? शंभर पानी वही आणि शर्टाला अडकवलेलं पेन पुरतं.

कागदाची उणीवही सांगायला हवी. वही हाक मारत नाही. फोनमध्ये यादी बघायला जावं तर दुसरंच काही अर्धा तास खातं, हे खरं. पण ठरलेल्या वेळी गजर वाजवणं फोनच करू शकतो. तेव्हा लिहायला वही आणि 'वही बघ' म्हणायला रोज दोनदा गजर, अशी विभागणी बरी. घरातल्या सगळ्यांना लागणाऱ्या तारखा मात्र भिंतीवरच हव्यात. १९७३ पासून निघणाऱ्या 'कालनिर्णय'वर दुधाचे खाडे लिहिणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको. वही एकच असावी आणि तिची जागाही एकच असावी, चपलांच्या कपाटावर किंवा चहाच्या डब्याशेजारी, जिथे रोज हात जातोच.

निदानासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडेच जावं. जवळ कुणी नसेल तर 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक आहे. आणि घरात असं कुणी असेल तर एवढं करा: त्यांची वही तपासू नका, किती दिवस लिहिलं नाहीस असं विचारू नका. रात्री पाच मिनिटं शेजारी बसा, तुमची उद्याची कामं तुमच्या कागदावर लिहा, त्यांना त्यांची लिहू द्या.