सुईने सांगितलेली गोष्ट

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील (२०१९-२१) एक आकडा अस्वस्थ करणारा आहे. देशात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी मदत तर मागितली नाहीच, कुणाला सांगितलेही नाही. या गप्प राहण्याला आपण ‘सब्र’ म्हणतो. पण सब्र म्हणजे जुलूम सोसत राहणे नव्हे.

‘तुला काही कळत नाही’ हे वर्षानुवर्षे ऐकलेली स्त्री त्या घरातून बाहेर पडली, तरी ते वाक्य तिचा पिच्छा सोडत नाही. भाजी कोणती आणावी, हेही ती दुसऱ्याला विचारते. तिला ‘बोल, सांग’ म्हटले की ती अधिकच मिटते. हाताला काम आणि शेजारी चार जणी असल्या, तर मात्र हळूहळू मोकळी होते.

बिहारच्या मुजफ्फरपूर जिल्ह्यातील भुसुरा गावचे उदाहरण पाहा. तिथली सुजनी म्हणजे आपल्या गोधडीची बहीण. जुन्या साड्यांचे थर लावायचे आणि धावदोरा घालायचा. १९८८ पासून तिथल्या स्त्रिया गटाने सुजनी करू लागल्या. पुढे त्या कापडावर हुंडा, दारू, घरातली मारहाण चित्रांतून उमटली. तोंडाने सांगता येत नव्हते, ते सुईने सांगितले. शिवाय चार पैसेही हाती आले.

हे घडते कसे? रंग कोणता, टाका कोणता, हे तीच ठरवते. छोटे का होईना, निर्णय तिचे असतात. काम पुरे झाले की ‘मला जमते’ याचा पुरावा हातात असतो. शेजारणीचे ऐकून ‘मी एकटी नाही’ हेही कळते.

आपला वर्धा जिल्हा तर चरख्याचा. हिंगणघाट, पुलगाव, आर्वीत आठवड्यातून एक दुपार शिवण, मेहंदी किंवा कशिद्यासाठी एकत्र बसणे अवघड नाही. पथ्ये मात्र पाळावीत: सांगण्याची सक्ती नको, फोटो नको, तिथली गोष्ट बाहेर नको.

अर्थात, शिवणकामाने मार थांबत नाही. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. त्यात संरक्षणाचा आदेश, राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि खर्चाची तरतूद आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा १८१ या हेल्पलाइनवर मदत मागता येते.

आणि माहेरी आलेल्या लेकीला ‘परत कधी जाणार?’ असे विचारू नका. तिला आपल्याजवळ बसवून घ्या, हाती सुईदोरा द्या. बोलायचे तेव्हा ती बोलेल.