इंजिनाची अडकलेली पुली कशी काढावी

ऐन उन्हाळ्यांत उसास पाणी देण्याच्या दिवसांत ऑईल इंजिनाची पुली बदलण्याचा प्रसंग येतो, आणि गंजलेली पुली शाफ्ट सोडीत नाहीं. अशा वेळीं शेतकरी बंधूंनीं घण उचलूं नये. पुली बिडाची असते. कडेवरील घावानें ती तडकते व बेअरिंगही बिघडतें. आम्ही पुढील क्रम पाळतों.

प्रथम डोकेदार चावी काढावी. तिचें डोकें व पुलीचा तुंबा यांमध्यें पाचर ठोकल्यास ती सरकते. उघडा शाफ्ट घासून जोडावर घासलेट सोडावें व रात्रभर मुरूं द्यावें. सकाळीं पुलरचे पाय तुंब्यास अडकवून मधला स्क्रू शाफ्टच्या मध्यावर टेकवावा व हळूहळू आंवळावा. तरीही न निघाल्यास घासलेट पुसून तुंबा सभोंवार सारखा तापवावा. तो शाफ्टाआधीं प्रसरण पावून पकड सोडतो.

एक रात्र गेली तरी ऊस तग धरतो. फुटलेली पुली मात्र पुष्कळ दिवसांचें पाणी तोडते.