दोन दिवसांचं गणित

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकाने विचारलंय, "निर्देशांकाच्या तिप्पट चालणारा फंड मी घेतला, तर कुणी मला अडवू शकतं का?"

अडवायचा घाट घातला गेला होता. नोव्हेंबर 2019मध्ये सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, म्हणजे तिकडच्या सेबीने, प्रस्ताव मांडला की दुप्पट-तिप्पट किंवा उलटे चालणारे फंड घेऊ देण्याआधी ब्रोकरने ग्राहकाची चौकशी करून खातं मंजूर करावं. उत्पन्न किती, मालमत्ता किती, तिच्यातली रोकड होण्याजोगी किती, अनुभव काय. ऑप्शन्सचं खातं उघडताना असते तशीच प्रश्नावली. लोक खवळले. कमिशनकडे हजारो पत्रं गेली. ऑक्टोबर 2020मध्ये अंतिम नियम आला तेव्हा चौकशी गायब होती. लगाम बसला तो फंडांना, 200 टक्क्यांचा, म्हणजे दुपटीचा. आणि आधीपासूनचे तिपटीचे फंड त्यातूनही सुटले. तेव्हा उत्तर असं, की सरकार अडवत नाही, पण ब्रोकर अडवू शकतो. व्हॅनगार्डने जानेवारी 2019पासून आपल्याकडे या फंडांची खरेदीच बंद केली.

माझी तक्रार वेगळी आहे. त्या प्रश्नावलीत खिशाची चौकशी भरपूर, आणि खरा प्रश्न कुठेच नाही. तो मी विचारतो. निर्देशांक 100. आज 10 टक्के चढला, 110 झाला, उद्या 9.09 टक्के पडून पुन्हा 100वर आला. दुपटीच्या फंडाचं काय झालं? 100चे 120, मग 18.18 टक्के घट, हाती 98.18. आणि उलट्या दुपटीच्या फंडाचं? 100चे 80, मग 94.55. चढेल म्हणणारा बुडाला, पडेल म्हणणारा त्याहून जास्त! हे फंड दुप्पट देतात ते फक्त एका दिवसाचं. रोज संध्याकाळी हिशेब नव्याने सुरू. बाजार सलग एकाच दिशेने गेला तर हेच गणित तुमच्या बाजूने वळतं, हेही खरं: दोन दिवस 10-10 टक्के चढला, तर निर्देशांक 121 आणि फंड 144.

कागदावरची गंमत वाटत असेल, तर डिसेंबर 2008 ते एप्रिल 2009 बघा. अमेरिकी वित्तीय कंपन्यांचा एक निर्देशांक त्या काळात सुमारे 8 टक्के वाढला. त्याच्या तिपटीचा फंड 53 टक्के पडला, उलट्या तिपटीचा 90 टक्के.

आपल्याकडे म्युच्युअल फंडांत हा प्रकारच नाही. 2025पासून आलेल्या 'सिफ'मध्ये, म्हणजे स्पेशलाइज्ड इन्व्हेस्टमेंट फंडात, पडत्या बाजारावर मर्यादित डाव खेळता येतो, पण किमान 10 लाख टाकून. म्हणजे दारावर इथेही खिसाच तपासतात.

एडिसनकर, फंड जरूर घ्या. आधी वरचं गणित न बघता कागदावर मांडून दाखवा.