बंदुकीची नळी किती लांब असावी?

मंडळी, वढू बुद्रुकला व्याख्यान म्हटलं की लोक इतिहासाच्या तयारीनं येतात. आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या, ते आम्हाला इथून दिसलं. पण विषय इथल्या मातीपासून फार लांबचा नाही. शिकारीची रायफल बनवून घेताना नळी किती इंचाची घ्यावी, हा प्रश्न आमच्याकडे दोन ठिकाणांहून येतो. एक, परदेशात राहणारी आपली मुलं विचारतात, कारण तिथे परवाना काढून हरणाची शिकार करता येते. आणि दुसरे आपले शेतकरी, ज्यांच्या घरात आजोबांच्या नावची ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक आहे. दोघांच्या मनात समज मात्र एकच असतो: नळी जितकी लांब, तितकी मार लांबचा. हा समज कितपत खरा, ते आज पाहू.

आधी नळीत होतं काय, ते समजून घेऊ. चाप ओढला की दारू पेटते, तिचा वायू होतो आणि तो वायू गोळीला पुढे ढकलतो. गोळी नळीत आहे तोवरच हा रेटा मिळतो. म्हणून नळी लांब तर रेटा जास्त वेळ मिळणार, इथवर समज बरोबर आहे. पण गोळी पुढे सरकते तशी मागची जागा वाढते आणि वायूचा दाब उतरत जातो. पहिल्या काही इंचांत जो वेग मिळतो, तो शेवटच्या काही इंचांत मिळत नाही. पॉइंट टू-टूच्या छोट्या काडतुसात दारू इतकी थोडी असते, की साधारण सोळा इंचांनंतर वेग वाढणं जवळजवळ थांबतं. त्यापुढे नळी आणखी लांब केली, तर घर्षणानं वेग उलट थोडा कमीच होतो.

आता जुन्या तोड्याच्या बंदुका आठवा. संग्रहालयात गेलात तर माणसाच्या खांद्याएवढ्या उंच बंदुका दिसतील. त्या काळची काळी दारू आणि सैलसर बसणारी गोळी, यामुळे लांब नळीचा थोडा उपयोग व्हायचा. नेम धरायलाही लांब नळी बरी, कारण मागची खाच आणि पुढची माशी यांच्यात अंतर जास्त असलं की हाताची चूक लगेच दिसते. पायदळाला तर संगीन लावून भाल्यासारखी लांबीही हवी असायची.

तरीसुद्धा लांबी कमीच होत गेली. इथून जवळच कोरेगाव भीमा आहे. १ जानेवारी १८१८ ला तिथे लढाई झाली. त्या काळी कंपनीच्या पायदळाची जी नेहमीची मस्केट होती, तिला ‘इंडिया पॅटर्न’ म्हणत. तिची नळी ३९ इंचांची. त्याआधी ब्रिटिश लष्कराची मस्केट ४६ इंचांची होती, मग ४२ ची आली. कंपनीनं आपल्या फौजेसाठी ३९ ची, करायला सोपी आणि स्वस्त अशी बनवून घेतली. फ्रान्सशी युद्ध पेटलं, बंदुका कमी पडायला लागल्या, तेव्हा १७९७ मध्ये खुद्द ब्रिटिश लष्करानंही तीच उचलली. सात इंच गेले म्हणून लढाईच्या उपयोगात म्हणण्यासारखं काही बिघडलं नाही. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ली-एनफिल्ड रायफलचंही तेच झालं. ३०.२ इंचांची नळी २५.२ वर आणली, म्हणजे घोडदळाला वेगळी आणि पायदळाला वेगळी अशा दोन रायफली नकोत.

आता शिकारीच्या रायफलीकडे येऊ. हिशेब अगदी साधा आहे. मधल्या ताकदीच्या काडतुसात, समजा ३०८ मध्ये, नळीचा एक इंच कमी केला की वेग सेकंदाला साधारण वीस ते तीस फुटांनी उतरतो. गोळीचा मूळ वेगच २७०० फुटांच्या आसपास. चार इंच कापले तर शंभर फूट गेले, म्हणजे शेकडा चार. दीडशे मीटरवर त्यामुळे गोळी जेमतेम एक-दीड सेंटीमीटर खाली लागेल. आणि त्या नळीवर नेम जुळवून घेतला, तर तेवढाही फरक राहत नाही.

उलट आखूड नळीचा एक फायदा लोकांच्या लक्षातच येत नाही. जाडी तीच ठेवली, तर वीस इंची नळी सव्वीस इंचीपेक्षा दुपटीहून जास्त ताठ असते. बार उडाला की नळी थरथरते. ताठ नळी कमी थरथरते. म्हणजे अचूकपणासाठी लांबीपेक्षा जाडी आणि कारागिरी महत्त्वाची. तोटेही आहेत बरं का. आखूड नळीचा आवाज कानठळ्या बसवतो आणि तोंडाशी जाळ मोठा दिसतो.

म्हणून बनवून घेणाऱ्यानं आधी काडतूस ठरवावं, मग रान, आणि शेवटी नळी. दाट झाडीत हिंडायचं असेल तर १८ ते २० इंच. सगळीकडे चालावी अशी हवी तर २२. जास्त दारूचं मॅग्नम काडतूस आणि उघडं माळरान असेल तर २४ ते २६. अमेरिकेत राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: तिथे सोळा इंचांपेक्षा आखूड नळीच्या रायफलीला वेगळा कडक कायदा लागतो.

आणि आपल्याकडे? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडची शिकार बंद झाली. बिबट्या माणसाच्या जिवावर उठला किंवा जनावरानं उभं पीक उद्ध्वस्त केलं, तरी आधी अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. शिरूरच्या उसात बिबट्याची भीती काय असते, ते आम्ही तुम्हाला सांगायला नको. पण भीती खरी असली तरी आपल्या मनानं बार काढता येत नाही.

नळीची लांबी मात्र आपल्या शस्त्र कायद्यातही आहे. १९५९ च्या कायद्याचं तेरावं कलम पाहा. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना द्यायचा, तर नळी वीस इंचांपेक्षा कमी नको. पीक राखायला मुळात ठासणीची बंदूक. ती पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तरच दुसरी. आणि सहावं कलम सांगतं की परवान्याशिवाय कुणीही नळी आखूड करायची नाही.

इथे आम्हाला कळकळीनं सांगायचंय. ‘उसात लांब बंदूक अडकते, चार बोटं कापून घे,’ असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. लोखंडाची करवत घराघरात आहे. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षं कैद आहे, आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. बंदूक परवान्याची आहे, आजोबांची आहे, शेत आपलं आहे, यातलं काहीही त्याच्या आड येत नाही. शिवाय बारा बोअरमध्ये छर्रे किती पसरतील, ते नळीच्या लांबीवर फारसं ठरत नाही. ते ठरतं तोंडाशी असलेल्या आवळपणावर, ज्याला चोक म्हणतात. तोंड कापलं की तो चोकच जातो, आणि छर्रे लवकर विखुरतात. म्हणजे मार कमी, आणि वर तुरुंग.

एका श्रोत्यानं चिठ्ठी पाठवली आहे: नळीचं तोंड चेपलंय, तेवढंच घासून काढलं तर चालेल का? दादा, घरी हात लावू नका. चेपलेल्या नळीतून बार काढणंही धोक्याचं आहे. परवाना सोबत घेऊन परवानाधारक दुरुस्तीवाल्याला दाखवा. लांबी कमी करावी लागेल असं तो म्हणाला, तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारा. उत्तर हातात येईपर्यंत बंदूक रिकामी करून कुलपात राहू द्या.