जी.एन.एम.ची तीन वर्षे कोणत्या खात्यात जमा?

घाटकोपरचे राजावाडी असो, बोरिवलीचे भगवती असो वा अंधेरीकरांना जवळचे कूपर. उपनगरांतील लहानमोठ्या रुग्णालयांतून रात्रपाळी संपवून सकाळच्या लोकलने घरी परतणाऱ्या परिचारिकांपैकी अनेकींच्या हाती पदविका असते, पदवी नसते. बारावीनंतर घरी लवकर पगार यावा म्हणून त्यांनी जी.एन.एम. म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्राचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम निवडलेला असतो. तिशीच्या आसपास मात्र एक प्रश्न डोके वर काढतो. मागाहून आलेली बी.एस्सी. झालेली मुलगी पाठ्यनिर्देशिका होते, एम.एस्सी.चा अर्ज भरते; आपण आठ-दहा वर्षे रुग्णांच्या उशापायथ्याशी उभे राहिलो, ते शिक्षण पदवीच्या हिशेबात धरले जाणार की नाही?

अमेरिकेत या प्रश्नाला ठरलेले उत्तर आहे. तेथे कम्युनिटी कॉलेजात साधारण दोन वर्षांची परिचर्येची पदवी घेऊन विद्यार्थिनी नोंदणीची परीक्षा देते, नोकरीस लागते आणि आधी मिळवलेली क्रेडिट विद्यापीठाकडे वळती करून उरलेला अभ्यास पूर्ण करते. न्यूयॉर्क राज्याने तर २०१७ साली कायदाच केला, की नव्या नोंदणीकृत परिचारिकेने दहा वर्षांच्या आत ही पदवी मिळवावी.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स स्थापन केली, तेव्हा अनेक पालकांची समजूत झाली की आता कोठलाही अभ्यास कोठेही जमा होईल. परिचर्येत तसे होत नाही. या शिक्षणाचे नियम १९४७ च्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या भारतीय परिचर्या परिषदेने घालून दिलेले आहेत. परिषदेने चार वर्षांच्या बी.एस्सी.साठी सत्र आणि क्रेडिट पद्धत २०२१ साली अधिसूचित केली. तीत एका क्रेडिटला व्याख्यानाचे २० तास, प्रयोगशाळेचे ४० आणि प्रत्यक्ष रुग्णसेवेचे ८० तास लागतात. खाटेजवळच्या तासाचा भाव व्याख्यानाच्या तासाच्या चौथा हिस्सा का, याचे उत्तर एखाद्या अनुभवी परिसेविकेला विचारावे! पण हा क्रेडिटचा हिशेब त्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमापुरता आहे. पदविका अभियांत्रिकीच्या मुलाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, जी.एन.एम. झालेल्या मुलीला बी.एस्सी.च्या मधल्या वर्षात असे शिरता येत नाही.

तिच्यासाठी वाट वेगळी आहे, पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगची. बारावी, जी.एन.एम. आणि राज्य परिषदेकडील नोंदणी या तीन गोष्टी असल्या की हा दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम करता येतो. महाराष्ट्रात १९९८ पासून नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ अशा पदव्या देते. मुंबईत परिचर्येच्या पदवीची परंपरा त्याहून जुनी आहे. श्रीमती नाथीबाई ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ सालचे.

म्हणजे तीन अधिक दोन, एकूण पाच वर्षे. सरळ बी.एस्सी. करणारीला चार लागतात. पदविकेची तीन वर्षे बुडत नाहीत, पण तीनांपैकी दोनच जमेस धरली जातात असे म्हणावे लागेल. शिवाय सूट मिळते ती काळाची, विषयांची नव्हे. जीवरसायनशास्त्र, परिचर्या शिक्षण, प्रशासन, संशोधन व संख्याशास्त्र हे विषय तिला बरेचसे नवे असतात. परंतु प्रसूती परिचर्या आणि बाल परिचर्या पुन्हा शिकाव्या लागतात, मग तिच्या हातून शेकडो बाळंतपणे का पार पडलेली असेनात.

खरा भार फीचा नसून दोन वर्षांच्या बुडालेल्या पगाराचा असतो, आणि हे गणित घरात मोकळेपणाने मांडले जात नाही. महिना २५ हजार मिळवणारी मुलगी दोन वर्षे शिकायला बसली तर सहा लाखांचे उत्पन्न थांबते. फी त्याहून वेगळी. शैक्षणिक कर्जाच्या प्रचलित योजनेत चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही आणि हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर साधारणतः वर्षभराने सुरू होतात. मधल्या काळातले व्याज साधे असले तरी ते साचते. जमेल तसे भरत राहणे हिताचे. जुनी करपद्धती निवडणाऱ्यास कलम ८०-ई खाली व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते. ज्यांना नोकरी सोडणे शक्यच नाही त्यांच्यासाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने सेवेतील परिचारिकांकरिता किमान तीन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम आखला. बारावी व जी.एन.एम. झालेल्यांना दोन वर्षांचा अनुभव, तर दहावीनंतर जी.एन.एम. झालेल्या जुन्या परिचारिकांना पाच वर्षांचा, अशी त्याची अट आहे. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची अधिसूचना मात्र नीट वाचावी.

इतके करून मिळते काय? अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत पदविकाधारकाला ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, पदवीधराला ती अट नाही. एम.एस्सी.चे आणि त्यामागोमाग अध्यापनाचे दार पदवीशिवाय उघडतच नाही. मात्र ज्या परिचारिकेला शिकवण्यात रस नाही, ज्या रुग्णालयात पदवीमुळे पगारात फरक पडत नाही, तिने केवळ शेजारणीने केली म्हणून दोन वर्षे घालवू नयेत.

सर्वांत मोठे नुकसान वेगळ्याच मुलींचे होते. सहा महिन्यांत किंवा वर्षभरात ‘नर्सिंग’ शिकवण्याच्या जाहिराती स्थानकाबाहेर हमखास दिसतात. परिषदेची मान्यता नसलेल्या असल्या प्रमाणपत्रावर नोंदणी होत नाही; नोंदणी नाही म्हणून पोस्ट बेसिक नाही. तेथे घातलेला पैसा आणि वर्ष दोन्ही कोठेच जमा होत नाहीत. दोन वर्षांच्या मान्यताप्राप्त ए.एन.एम.चे तसे नाही. नोंदणीकृत ए.एन.एम.ला जी.एन.एम.ला प्रवेश मिळू शकतो, वर्षाची सूट मात्र मिळत नाही. म्हणून प्रवेशापूर्वी संस्थेचे नाव भारतीय आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का, हे पालकांनी स्वतः पाहावे, दलालाच्या तोंडी शब्दावर राहू नये.

राहिली कागदपत्रे. तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, विषयवार तासांचा दाखला, नोंदणी प्रमाणपत्र व त्याचे नूतनीकरण, प्रत्येक रुग्णालयाचे अनुभवपत्र, आणि लग्नानंतर नाव बदलले असल्यास राजपत्राची प्रत. परदेशी जाणारीच्या बाबतीत पूर्वी सीजीएफएनएस या नावाने ओळखली जाणारी अमेरिकी संस्था विषयवार तास तपासते आणि ही कागदपत्रे थेट शाळेकडून व परिषदेकडून मागवते. पंधरा वर्षांनी ती शाळा बंद झालेली असली, तर एका शिक्क्यासाठी खेटे घालावे लागतात. तासांचा दाखला पदविकेच्या निकालाबरोबरच मागून घ्यावा. त्या वेळी तो देणारा कारकून जागेवर असतो.