झोपेची वाट कानातून?

मे महिन्यात अकोल्याला किंवा अमरावतीला रात्री गच्चीवर पडले तरी झोप लवकर येत नाही. शरीराचे तापमान थोडे उतरावे लागते आणि उष्ण हवा ते उतरू देत नाही. हा त्रास पावसाबरोबर जातो. पण काहींना थंडीतही महिनोन्‌महिने झोप नसते. त्यांच्यासाठी कानातून वाट शोधली जात आहे!

कान साफ करताना तुम्हाला कधी खोकला आला आहे काय? मेंदूतून हृदयाकडे, पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस (मराठीत प्राणेशा) चेतेची एक फांदी कानाच्या त्वचेत येते. खोकला तिच्यामुळेच. हीच चेता हृदयाचे ठोके मंद करते. मग कातडी न कापता तेथे विजेचे सौम्य स्पंद दिले तर?

२०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधील चाचणीत ७२ निद्रानाशी रुग्ण होते. ८ आठवडे निम्म्यांना खरे स्पंद दिले, निम्म्यांना लटके. झोपेच्या तक्रारींचे गुण (एकूण २१) खऱ्या गटात सरासरी ८.२ ने उतरले. आणि गंमत म्हणजे लटक्या गटातही ३.९ ने! विजेचे श्रेय तेवढे उरलेल्या फरकाचे. मोठ्या चाचण्या अजून व्हायच्या आहेत. घरी बॅटरी कानाला लावून पाहू नका. ती चेता हृदयाचीही आहे.